मार्लपिटच्या रानातला चौथा वाटा

माझी नणंद थर्झा लोडर हिने माझ्या नवऱ्याशी, क्लेमशी, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाशी, एकोणीस वर्षं अबोला धरला. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. तिने शेगडीतली राख उकरली की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आणि क्लेम खोकला की तिला. तरीही एकोणीस वर्षं. आमच्या स्टर्टली गावात आजही लोक सांगतात की थर्झा तापट होती, डोक्याने जरा फिरलेलीच होती, चार झाडांपायी भावाला मुकली. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. मी होते. आणि मला जे ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून हे मीच सांगायला हवं.

मार्लपिटचं रान गावाच्या वरच्या अंगाला, चर्चमागची चढण संपते तिथे. बारा एकर, फार नाही. वर मोठे ओक, खाली हेझलची खुंटं. हेझल जमिनीलगत तोडलं की त्याच बुंध्यातून पुन्हा सरळ काठ्या फुटतात आणि सात-आठ वर्षांत परत तोडायला येतात. रान इस्टेटीचं, पण दर शरदात गावच्या पबमध्ये त्यातल्या एकेका एकराच्या बारा वाट्यांचा लिलाव व्हायचा. ज्याने वाटा घेतला त्याने मे महिना संपेपर्यंत आपलं हेझल तोडून न्यायचं, ओकला हात लावायचा नाही. माझे सासरे आमोस त्या काठ्यांच्या ताट्या विणायचे. मेंढ्या व्यायला लागल्या की आमच्याकडचे धनगर माळावर ताट्यांचाच वाडा उभा करतात. सासऱ्यांची ताटी म्हणजे कोकरूसुद्धा नाक घालू शकत नसे.

हे काम खरं तर क्लेमने शिकायचं होतं. पण सासऱ्यांचं मनगट मोडलं तेव्हा क्लेम नऊ वर्षांचा होता आणि थर्झा बारा. तिने कोयता उचलला तो परत खाली ठेवलाच नाही. काठी उभी चिरायची, टोकाशी पिळायची, पिळताना ती मोडता कामा नये, हे सगळं तिच्या हातात बसलं. एकदा डाव्या करंगळीचं पेर उडालं. त्या दिवशीही तिने हातातली ताटी पुरी केली होती, असं सासरे सांगायचे. क्लेमला मात्र एका जागी वाकून बसायचा कंटाळा. तो मोठा झाल्यावर इस्टेटीत रानाचा माणूस म्हणून लागला: कुंपणं बघायची, पडलेली झाडं उचलायची. घरं इस्टेटीची होती, दोन्ही. क्लेमची नोकरी होती म्हणून आम्ही एका बाजूला आणि सासरे-थर्झा दुसऱ्या बाजूला राहत होतो. नोकरी गेली तर चौघं रस्त्यावर. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे सोयीस्करपणे विसरतात.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीच्या लिलावाला थर्झा मला बरोबर घेऊन गेली होती. पबच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष, धूर, ओले कोट. रेग पिट्मन नावाचा एक जण होता, वाटाण्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या विकायचा. तो मोठ्याने म्हणाला, "थर्झा, शिवणकामाचा वर्ग चर्चच्या हॉलमध्ये असतो गं, इथे नाही."

"मग तू जाऊन ये," थर्झा म्हणाली. "गेल्या वर्षी तू बांधलेल्या मोळ्या बघितल्यात मी. गाठ मारायला तरी शिकशील."

खोली हसली, रेगसुद्धा हसला. थर्झा नाही हसली. तिने हवा तो वाटा घेतला, ग्लासातली सायडर संपवली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "चल ऑलिव्ह. इथे फार वेळ थांबलं की ते आपल्याला आवडायला लागतात."

अशी होती ती. उंच, रुंद हाडाची, सायकलवरून जाणारी, खिशात ब्रेड, चीज आणि एक कांदा. रागीट होती का? होती. पण तो राग असा कुठेही सांडणारा नव्हता. ज्याचा त्यालाच द्यायची.

एकोणीसशे त्रेसष्ट साली इस्टेटीचे मालक, म्हातारे कर्नल, वारले. इस्टेट लंडनच्या पुतण्याकडे गेली. पुतण्या आला नाही, त्याचा कारभारी आला: मिस्टर प्रिडो. स्वच्छ बूट, हातात नकाशा. त्या शरदात लिलावात एकच वाटा निघाला. चौथा, वरच्या कोपऱ्यातला, जुन्या खाणीच्या खड्ड्याभोवतीचा एकर. बाकीच्या वाट्यांचं काय, असं कुणी तरी विचारलं तर उत्तर मिळालं, "पुढच्या वर्षी बघू." थर्झाने तो वाटा घेतला. जानेवारीपासून ती तिथे तोडू लागली.

फेब्रुवारीत एका दुपारी क्लेम जेवायला आला आणि जेवलाच नाही. बटाटे ताटात गार होत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"मार्लपिट मारायचंय."

"मारायचं म्हणजे?"

"डिझेलमध्ये कालवलेलं औषध घालून. ओकसुद्धा, हेझलसुद्धा. सगळं वाळलं की स्प्रूस लावणार. तीस वर्षांत लाकूड तयार होतं म्हणे. साहेबांनी मला दोन माणसं दिलीत. मीच मुकादम."

मी म्हटलं, "नाही म्हण."

"म्हणालो. ते म्हणाले, हरकत नाही लोडर, दुसरा बघतो. तोच घरातही राहील." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थर्झाला तू काही बोलू नकोस. मीच सांगतो."

त्याने सांगितलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. आणि मीही गप्प बसले. भिंतीपलीकडे ती वडिलांना दलिया भरवत होती, तिच्या चमच्याचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मी गप्प बसले. त्याचा राग मला अजून येतो, माझाच.

तिला कळलं ते वासाने. चौथ्या वाट्यात काम करताना वाऱ्यावर डिझेलचा वास आला. रानात डिझेल कुठून, म्हणून ती उतरत गेली. मी त्याच वेळी क्लेमचा चहा घेऊन खालच्या फाटकातून आत शिरले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. क्लेम एका ओकपाशी उभा होता. कुऱ्हाडीने त्याने बुंध्याभोवती कमरेच्या उंचीवर खाचा पाडल्या होत्या, कडं घातल्यासारख्या, आणि डब्यातून त्यांत ओतत होता. त्याच्यामागे तसेच आठ-दहा ओक. कडं घातलेले, ओले.

थर्झाने आधी ते कडं घातलेले ओक एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "हे काय ओततोयस?"

"औषध आहे."

"कुणाला बरं करतोयस?"

"थर्झा, हुकूम आहे. मी नाही केलं तर दुसरा कुणी तरी करेल."

"मग करू दे ना दुसऱ्याला! शंभर माणसं येऊ देत. पण ते तुझे हात नकोत. बाबांनी या झाडाखाली तुला झोळीत निजवलं होतं, माहितेय तुला?"

"आणि राहायचं कुठे? बाबांना कुठे ठेवायचं? त्याच झाडाला टांगू झोळी?"

"मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस? मी माळावर खोपटात राहिले असते. बाबाही राहिले असते. तू आमच्या नावावर हे करतोयस, आणि आम्हाला विचारलंही नाहीस!"

तिने डबा त्याच्या हातातून हिसकावला. मला वाटलं आता त्याच्या अंगावर ओतते. तिने तो वाटेवर उपडा केला, पार रिकामा होईपर्यंत धरून ठेवला, आणि मग माझ्याकडे वळली. माझ्या हातात चहाची बाटली होती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली.

"हं," एवढंच म्हणाली आणि चिखलाच्या बुटांनिशी थेट इस्टेटीच्या कचेरीकडे निघाली. मी तिच्यामागे धावले. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा ती कुणाचा तरी गळा धरेल म्हणून.

मिस्टर प्रिडो टेबलामागून उठले नाहीत. "मिस लोडर, बसा ना."

"बसायला नाही आले. ते थांबवा."

"तुम्ही समजून घ्या. ताट्या आता लागतात कुणाला? तारेची जाळी स्वस्त पडते. बारा एकर जमीन नुसती पडून आहे."

"पडून? माझा बाप सत्तर वर्षं तिथे राबलाय. पडून ती तुमच्या नकाशात असेल."

"भावना मला कळतात."

"भावना नाहीत, साहेब. राग आहे. तुम्हाला तो कळत नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी कागद काढला, शांतपणे वाचून दाखवला. चौथा वाटा मेअखेरपर्यंत तिचा. तोपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकणार नाही. एक जूनला तोही इतरांसारखाच. "कायद्याने तुमचं काही नुकसान होत नाही," ते म्हणाले. "आणि तुमचे बंधू फार चांगलं काम करतायत. घराच्या बाबतीत तुम्ही निश्चिंत राहा."

ती शेवटची ओळ त्यांनी हसून म्हटली. ते हसू मी विसरलेले नाही.

एप्रिलमध्ये ओकला पालवी फुटली. हेच सगळ्यांत वाईट होतं. झाडांना कळलंच नव्हतं. पानं आली ती पिळवटलेली, मुठी आवळल्यासारखी, आणि मेच्या मध्याला तपकिरी झाली. खाली हेझलची खुंटं काळी पडली. त्या वसंतात निळी फुलं मात्र नेहमीसारखीच आली, मेलेल्या रानात गुडघाभर. लोक म्हणाले, बघा, फार काही बिघडलं नाही. थर्झा दुकानात होती. पाव टेबलावर आपटून म्हणाली, "मढ्यावर फुलं असतातच की!"

सासऱ्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण क्लेम रोज त्यांच्या पाया पडल्यासारखा त्यांचे बूट काढायला वाकायचा, आणि त्यांचं नाक शाबूत होतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "कितवा वाटा झाला?" क्लेमच्या हातात बूट तसाच राहिला. "अकरावा," तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्यानंतर त्याला बुटांना हात लावू दिला नाही. शरदात ते गेले.

पण त्याआधी एक जून आला.

थर्झाने चौथा वाटा पुरा तोडून घेतला होता. खुंटांना पुन्हा वीतभर कोवळे कोंब आले होते. सकाळी क्लेम पाठीवर फवाऱ्याचा पंप लावून आला. दोघा गड्यांना त्याने खालच्या अंगाला रोपं लावायला पाठवलं होतं. प्रिडो साहेब काठीला टेकून बघत उभे होते. त्यांना बहुतेक थर्झा काही गोंधळ घालेल अशी शंका होती. तिने काही केलं नाही. ती फाटकाशी उभी राहिली आणि आपल्या भावाला बघत राहिली. क्लेमने एकेक खुंट भिजवलं. खड्ड्याच्या कडेचीसुद्धा, जिथे उभं राहणं कठीण. अंगभर डिझेलचा वास. शेवटच्या खुंटापाशी आल्यावर त्याने मान वर केली. तिने त्याच्याकडे कसं पाहिलं, ते मला कुंपणाशी उभ्या जागेवरूनही दिसलं. मग ती वळून गेली.

आता ऐका. त्या पंपात पाणी होतं.

आमच्या विहिरीचं पाणी. पहाटे मीच भरून दिलं. क्लेमने डिझेलमध्ये चिंधी बुडवून पट्ट्याला गुंडाळली आणि थोडं स्वतःच्या कोटावर शिंपडलं, वास यावा म्हणून. मला म्हणाला, "अकरा वाटे मारले. हा नाही मारवत."

त्याच संध्याकाळी तो तिला सांगायला गेला. मी भिंतीशी कान लावून होते. दार उघडलं. क्लेम म्हणाला, "थर्झा, जरा आत येऊ दे, एक बोलायचंय." ती म्हणाली, "या घरात तुझा बाप आहे. त्याला भेटायचं तर भेट. माझा भाऊ नाही." आणि दार लावलं.

तो परत आला तो पांढराफटक. "आता नको सांगायला," म्हणाला. "ऑलिव्ह, शपथ घे. तिला कळलं तर ती तासाभरात पबमध्ये जाऊन ओरडेल, प्रिडोच्या नाकावर टिच्चून सांगेल. उद्या आपण चौघं गाडीत सामान भरत असू."

ते खरंच होतं. थर्झाच्या तोंडात तीळ भिजत नसे. मी शपथ घेतली.

जुलैत प्रिडो साहेब फिरायला गेले तर चौथा वाटा हिरवागार. क्लेम म्हणाला, "कोपरा ओलसर आहे साहेब, औषध धरत नाही," आणि पुन्हा एकदा पाणी मारलं. पुढच्या वर्षी साहेबांनी नाद सोडला. तो एकर शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट पक्ष्यांना लपायला म्हणून ठेवून दिला. थर्झा रस्त्यावरून जाताना ते हिरवं बघायची आणि मी ऐकेन अशा बेताने दुकानात म्हणायची, "बघितलंत? खुंटांनी माझ्या भावाला भीक घातली नाही. माणसांपेक्षा झाडांना कणा जास्त." मी साखर मोजून घ्यायचे आणि घरी यायचे. घरी क्लेम विचारायचा, "काय म्हणाली?" मी सांगायचे. तो हसायचा. सुरुवातीला खरंच हसायचा.

मग सवयच झाली, जशी दुखऱ्या दाढेची होते. ती दहा मैलांवरच्या रानातून सायकलवर काठ्या आणायची. मागच्या अंगणात ताट्या विणायची. आता धनगरांपेक्षा बागवाले लोक जास्त घ्यायचे. माझ्याशी ती बोलायची, कामापुरतं. "ऑलिव्ह, तुझ्या त्या माणसाला सांग, गटार तुंबलंय." नाव कधी घेतलं नाही. नाताळात मी केक द्यायचे. ती कापून अर्धा परत पाठवायची: अर्धा माझा, अर्धा त्याचा म्हणून.

अठ्ठ्याहत्तरला प्रिडो सेवानिवृत्त झाले. मी क्लेमला म्हटलं, "आता सांग. आता कोण हाकलणार?" तो म्हणाला, "तिने विचारू दे. एकदा माझ्याकडे बघून विचारू दे, क्लेम, हा वाटा कसा वाचला? मग सांगतो."

"ती मरेपर्यंत विचारणार नाही."

"मग मी मरेपर्यंत सांगणार नाही."

लोडरच ते दोघंही. एकाच खुंटाच्या काठ्या. मी त्या दिवशी त्याच्या अंगावर भिजलेलं फडकं फेकून मारलं.

नव्या कारभाऱ्याने थर्झाला चौथा वाटा तोडायला दिला. पंधरा वर्षं कुणी हात न लावलेलं हेझल मनगटाएवढं जाड झालं होतं. तरी तिने कोयता, करवत लावली आणि तीन हिवाळ्यांत ते पुन्हा ताळ्यावर आणलं. क्लेम तेव्हा फार चालू शकत नसे, छाती भरून यायची. तो फाटकापर्यंत जायचा आणि तिथे उभा राहून कोयत्याचा आवाज ऐकायचा. ती त्याला बघायची. काम थांबवायची नाही.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तो गेला. एकोणसाठाव्या वर्षी, फुप्फुसांनी. चौसष्टमध्ये त्याच्याबरोबर औषधाचे डबे घेऊन फिरलेले दोघंही आधीच गेले होते. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मी डॉक्टर नाही. पण मला मोजता येतं.

थर्झा दफनाला आली, मागे उभी राहिली. नंतर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बाही सरसावून बशा विसळू लागली. लोक गेले. आम्ही दोघीच. ती पाठमोरी म्हणाली, "मी त्याला माफ केलेलं नाही, ऑलिव्ह. मेला म्हणून करणारही नाही. तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे. माझ्या स्वतःच्या खुंटांवर त्याने माझ्या डोळ्यांदेखत विष मारलं."

मी म्हटलं, "पाणी होतं."

"काय?"

"पंपात पाणी होतं. मी भरलं होतं. आपल्या विहिरीचं."

मग मी सगळं सांगितलं. चिंधी, कोट, संध्याकाळी दारात आला तो. ती हातातली बशी पुसत राहिली. पुसून झालेली बशी पुन्हा पुसली. मग ती तिने जमिनीवर आपटली. मग दुसरी. लग्नात मिळालेला संच होता तो माझा. एकेक करत सहा बशा फुटल्या.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी दुकानात त्याला काय काय बोलले. तू तिथेच उभी असायचीस. साखर घेत!"

"त्याने शपथ घातली होती."

"आणि तू ऐकलीस! जन्मात त्याचं दुसरं काही ऐकलंस? चहात साखर कमी घाल म्हणून तो बापडा ओरडून मेला, ते ऐकलंस?"

"तू दार लावलंस, थर्झा."

"एकदा लावलं! एकदा! दार काय, ठोठावायला असतं ना? मी भिंतीपलीकडे होते. पातळ भिंत आहे. भिंतीतून ओरडला असता तरी चाललं असतं!" ती तुकड्यांवरून चालत दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि तुला काय वाटतं, हे ऐकून मी विरघळेन? अकरा मारले ना त्याने? एक राखला म्हणून काय हार घालू? एक राखता येत होता म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून अकरा मारले!"

दुपारभर तिच्या अंगणातून लाकूड फोडल्याचा आवाज येत राहिला. सरपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, ब्रशने तुकडे गोळा केले आणि खुर्चीवर बसली. "खड्ड्याच्या कडेला उभं राहून फवारत होता," ती म्हणाली. "पाय घसरला असता तर पंपासकट खाली गेला असता. नुसत्या पाण्यासाठी. मूर्ख कुठला." आणि रडली. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यानंतर ती क्लेमचं नाव घेऊ लागली. शिव्या देतानाच जास्त करून, पण घेऊ लागली.

स्प्रूसचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. आमच्या चुन्याच्या जमिनीत ती झाडं पिवळी पडली. नव्वदच्या वादळात निम्मी आडवी झाली. उरलेली तोडून नेली, ती कागदाच्या लगद्याला. ज्यासाठी दीडशे ओक मारले ते लाकूड म्हणजे लगदा.

मग अठ्ठ्याण्णवमध्ये इस्टेटीचा नवा मालक झालेल्या पुतण्याच्या मुलाला रानाची आवड निर्माण झाली. शहरातून तज्ज्ञ आले, चौथ्या वाट्यात गुडघ्यांवर बसून फुलं मोजू लागले. फार जुनं आहे म्हणाले, दुर्मीळ आहे म्हणाले. फाटकाशी ओकचा फलक लागला. उद्घाटनाला थर्झाला बोलावलं, फीत कापायला. ती सत्त्याहत्तर वर्षांची. चांगला कोट घालून गेली. फलकावर लिहिलं होतं की इस्टेटीने दूरदृष्टीने जपलेला हा प्राचीन रानाचा तुकडा आहे.

ती वाचत उभी राहिली. मालकाने कात्री पुढे केली. "मिस लोडर?"

"हे खोटं आहे," ती म्हणाली. फार मोठ्याने नाही. "तुम्ही जपलं नाही. तुम्ही मारायला सांगितलं. माझ्या भावाने, क्लेम लोडरने, तुमच्याशी खोटं बोलून हे वाचवलं. बाकीचं त्यानेच मारलं, तुमच्या हुकमाने, डोक्यावरचं छप्पर जाईल म्हणून. दोन्ही लिहा."

कुणी तरी टाळ्या वाजवायला लागलं, मग थांबलं. मालक सभ्य होता, लाल झाला, म्हणाला, "नक्की विचार करू."

"विचार नको. लिहा. मी थांबते."

ती तीन महिने थांबली. दोन पत्रं माझ्याकडून लिहून घेतली. उत्तर आलं की फलकावर जागा मर्यादित आहे. मार्चमध्ये एका सकाळी, भर उजेडात, शाळेची मुलं रस्त्याने जात असताना, ती कोयता घेऊन गेली आणि फलकाचे दोन्ही खांब तोडले. फळी चिरून तिच्या सहा पट्ट्या केल्या. चांगल्या सरळ पट्ट्या. पोलीस आला, हॉवर्ड टिझर्ड, ज्याच्या आईला मी लहानपणापासून ओळखते. तो बिचारा टोपी काढून म्हणाला, "थर्झाबाई, तुम्ही फक्त 'चुकलं' म्हणा, मी वही मिटतो."

"चुकलं नाही रे. वही उघडीच ठेव. लिही त्यात, आणि स्पेलिंग नीट लिही: लोडर, क्लेमेंट. तुझ्या वहीत तरी असू दे."

त्याने लिहिलं. मी पाहिलं. ताकीद देऊन सोडलं तिला. इस्टेटीने दुसरा फलक काही लावला नाही, खरा-खोटा कुठलाच नाही. त्यावरही ती चिडली. म्हणाली, "बघ, खरं लिहिण्यापेक्षा कोरं ठेवलं."

पुढच्या सोमवारी सकाळी साडेसातला तिची सायकल फाटकाला टेकलेली होती. वरच्या कोपऱ्यात अजून एक पट्टा तोडायचा राहिला होता आणि कोंब फुटायला आले होते. मी तिचा चहा घेऊन गेले. ती म्हणाली, "उभी काय राहतेस, मोळीचं ते टोक धर." मी धरलं. त्या दिवशी आम्ही नऊ मोळ्या बांधल्या.